यलो अलर्ट रोजच येतो, मग वावर सोडायचं कधी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: "पावसाळ्यात मोबाईलवर जवळपास रोज यलो अलर्ट असतो. लोक आता बघतही नाहीत. मागच्या हंगामात यलो होता त्याच दिवशी शिवारात वीज पडून बैलजोडी गेली आणि ऑरेंज होता तो दिवस कोरडा गेला. नेमकं कोणतं ॲप ठेवायचं? विश्वास कशावर ठेवायचा?"

ॲप कोणतं, हा नंतरचा भाग. खरी गफलत अशी की तीन वेगवेगळ्या मुदतींच्या सूचना आपल्याकडे ‘अलर्ट’ या एकाच नावाने फिरतात. पहिली पाच दिवसांची, जिल्ह्याला एक रंग देणारी. दुसरी तीन तासांची, जिला नाऊकास्ट म्हणतात. तिसरी दर काही मिनिटांनी बदलणारी, विजा आत्ता कुठे पडताहेत ते दाखवणारी. पहिलीवरून उद्याचं काम ठरवायचं, दुसरीवरून आज दुपारनंतरचं आणि तिसरीवरून वावर सोडायचं. पहिलीच्या भरवशावर वावर सोडायला गेलात तर चार महिने घरी बसावं लागेल. मग माणूस ती सूचना बघणं बंद करतो आणि तिसरी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या गावात हेच झालेलं दिसतं.

आधी रंगांचं. हवामान विभागाच्या भाषेत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. हा रंग पावसाच्या मिलिमीटरवर थेट ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम किती, हे दोन्ही मिळून तो ठरतो. त्यामुळे रंगाखालची ओळ वाचल्याशिवाय रंगाला अर्थ नाही. ‘मुसळधार’ असेल तर २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति मुसळधार’ म्हणजे ११५.६ ते २०४.४ आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. नाल्याकाठच्या वस्तीला आणि बांधीत रोवणी केलेल्या शेतकऱ्याला या आकड्यांशी मतलब. पण पिवळ्याखाली ‘मेघगर्जनेसह विजा’ असं लिहिलं असेल, तर उघड्या वावरात डवरणी करणाऱ्या माणसासाठी तो पिवळा पावसाच्या नारिंगीपेक्षा जास्त धोक्याचा. वीज पडायला ६५ मिलिमीटर पाऊस लागत नाही, दहा मिनिटांचा शिडकावा पुरतो. कित्येकदा पाऊस सुरू व्हायच्या आधीच पहिली वीज पडते.

त्याच ओळीत आणखी एक शब्द असतो, तो लोक वाचतच नाहीत: ‘एक-दोन ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’. ही बोलण्याची पद्धत नाही, मोजमाप आहे. एक-दोन ठिकाणी म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०, बऱ्याच म्हणजे ५१ ते ७५ आणि बहुतांश म्हणजे त्याच्या वर. यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, गडचिरोली त्याहून मोठा. ‘एक-दोन ठिकाणी मुसळधार’ असा नारिंगी आला आणि उमरखेडला धो धो पडून वणीला थेंबही पडला नाही, तर सूचना चुकली असं म्हणता येत नाही. तुमचा कोरडा गेलेला ऑरेंज बहुधा याच जातीचा असावा.

तारखेचाही एक घोळ आहे. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री नाही, सकाळी साडेआठला बदलतो. १५ तारखेच्या खान्यात रंग आहे म्हणजे १५ च्या सकाळी ८:३० पासून १६ च्या सकाळी ८:३० पर्यंत. १६ च्या पहाटे तीन वाजता नाल्याला पूर आला, तर तो १५ च्या इशाऱ्यातलाच. रात्री जागलीला जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

आता तीन तासांची सूचना. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ती काढतं. केंद्राच्या संकेतस्थळावर आणि हवामान विभागाच्या ‘मौसम’ ॲपवर ती दिसते, जिल्हा प्रशासनाच्या गटांतही येते. हिच्यात वाऱ्याचा वेग दिलेला असतो, तो वाचा. ताशी ४१ ते ६१ किलोमीटर म्हणजे सोयाबीनच्या गंजीवरची न बांधलेली ताडपत्री उडणार. ६२ ते ८७ म्हणजे टिनपत्रे, जुनी झाडं आणि विजेचे खांब जाणार, आणि मागोमाग मोबाईलचं नेटवर्कही. म्हणून असा संदेश आला की आधी फोन लावून घ्यायचे, मग ताडपत्रीकडे पळायचं. प्रत्येक नाऊकास्टवर ‘वैध’ म्हणून वेळ असते. ती टळून गेलेला संदेश पुढे पाठवू नका, त्याचा उपयोग शून्य.

नाऊकास्टचा मुख्य आधार रडार आहे. हौशी माणसाने रडारचं चित्र स्वतः बघायला शिकावं, फार अवघड नाही. नागपूरच्या डॉप्लर रडारची चित्रं सगळ्यांना खुली आहेत. पहिली ठेच वेळेची लागते. चित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०९:३० दिसलं तर आपले दुपारचे तीन. दुसरं, एकच चित्र बघून काही कळत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रं घ्या आणि गडद पट्टा किती सरकला ते पट्टीवर मोजा. तीस मिनिटांत वीस किलोमीटर सरकला असेल तर वेग ताशी चाळीस. तुमच्या गावापासून तो साठ किलोमीटरवर असेल तर ढोबळ दीड तास हाती आहे. ढोबळच म्हणायचं, कारण उन्हाळ्यातला ढग वाटेत विरतो किंवा त्याच्या पुढच्या अंगाला नवाच फुटतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रंगपट्टीवर ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींची ताकद मोजायचं एकक) वरचा रंग असेल आणि चित्राच्या बाजूच्या उंचीच्या पट्टीत तोच रंग सात-आठ किलोमीटरपर्यंत चढलेला दिसला, तर गारांची शंका धरा. संत्र्याला तेवढ्यात काही करता येत नाही, पण कापून पडलेला हरभरा गोळा करून झाकता येतो आणि ढोरं कोठ्यात घेता येतात. फेब्रुवारी २०१८ ची गारपीट आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नागपूरच्या रडारची एक मर्यादा मात्र बुलडाणा, अकोला आणि दक्षिण गडचिरोलीच्या लोकांनी समजून घ्यायला हवी. रडारची किरण सरळ जाते आणि पृथ्वी वाकलेली, त्यामुळे अंतर वाढलं की किरण ढगाच्या वरच्या भागातून निघून जाते. दोनशे किलोमीटरवर सगळ्यात खालची किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच असते. उन्हाळी वादळाचा उंच ढग तिला सापडतो, पण श्रावणातला बुटका, सतत गळणारा ढग निसटतो. सिरोंचा आणि बुलडाणा तर अडीचशे किलोमीटरच्या पल्ल्याबाहेरच पडतात. तिथे नागपूरचं चित्र कोरं दिसलं म्हणजे आकाश कोरं आहे असं नाही. सिरोंच्याला हैदराबादचं रडार जास्त जवळ आहे, ते बघावं.

तिसरी पायरी ‘दामिनी’ची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हे ॲप केलं आहे. विजा टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर ते चालतं. उघडलं की तुमच्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात आणि गेल्या ५, १० व १५ मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांत उमटतात. ॲप मुख्यतः पडून गेलेली वीज दाखवतं, हे इथे विसरू नये. ढग तुमच्याच डोक्यावर तयार झाला तर पहिली वीज त्याला आधी कळणार नाही. चालत येणाऱ्या वादळासाठी ते फार चांगलं, जागीच फुटणाऱ्या ढगासाठी आपले डोळे आणि कान.

वावर कधी सोडायचं याचा हिशेब असा करा. वादळ ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर बाहेरच्या वर्तुळापासून आतल्या वर्तुळापर्यंत यायला अर्धा तास आणि तिथून तुमच्यापर्यंत आणखी अर्धा तास. आता आपली बाजू मोजा. वावर गावापासून दोन किलोमीटर, पांदण रस्ता काळ्या मातीचा, वरून पाणी पडलेलं. चपलेला मातीचा गोळा लागतो, एक किलोमीटरला वीस मिनिटं धरा. बैल सोडायचे, बंडी जुंपायची किंवा तिथेच टाकून निघायचं, बाया दोन-तीन ओळींवर पसरलेल्या असतात त्यांना हाक मारायची, यात पंधरा मिनिटं. झाला जवळपास एक तास. म्हणजे या वावराने ४० च्या वर्तुळात विजा दिसू लागल्या तेव्हाच निघायला हवं. गावाला लागून वावर असेल तर २० चं वर्तुळ पुरतं. एका गावात सगळ्यांना एकच नियम लावला की लांबच्या वावरातला माणूस अडकतो. ग्रामपंचायतीने लांबच्या शिवारातल्या लोकांची वेगळी यादी करावी आणि पहिला फोन त्यांना लावावा.

ॲप फोन जिथे आहे तिथली वर्तुळं दाखवतं, हेही ध्यानात असू द्या. पोरगा यवतमाळला शिकतो आणि बाप वावरात आहे, तर पोराच्या फोनवरची वर्तुळं बापाच्या कामाची नाहीत. नकाशा सरकवून आपलं गाव शोधून बघावं लागतं.

ॲप नसलं, डाटा संपला तर कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या धुऱ्यावर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास थांबून मगच वावरात जायचं. पाऊस थांबला की लगेच निघणारे लोक याच अर्ध्या तासात सापडतात.

आसऱ्याबद्दलही बोलायला हवं, कारण सूचना वेळेवर मिळूनही माणूस चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो. पक्कं घर किंवा काचा लावलेली चारचाकी, एवढंच खरं सुरक्षित. जागलीचं मचाण, वावरातली खोपडी, चार खांबांवरचं टिनाचं शेड, उघडा ट्रॅक्टर हे आसरे नव्हेत. एकट्या मोहाच्या किंवा बाभळीच्या झाडाखाली तर नाहीच. झाडावर पडलेली वीज बाजूला उडी घेते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. ढोरं मरतात ती बहुतेक या जमिनीतल्या प्रवाहाने, कारण त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. झाडाला बांधलेली ढोरं सोडा. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून दूर राहा: लांब कुठेतरी पडलेली वीज ती तार तुमच्यापर्यंत घेऊन येते. पंपाच्या स्टार्टरला हात लावू नका. काहीच आसरा नसेल तर सखल जागी, पाणी साचलेलं नाही तिथे, पाय जुळवून उकिडवं बसा आणि एकमेकांपासून अंतर ठेवा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावा, श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ लावा.

आता फोनचं. ‘दामिनी’, ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ही तीन पुरेत. ‘सचेत’मध्ये भाषा मराठी ठेवा आणि जिल्हा निवडा. ‘मेघदूत’ चांगलं आहे, पण ते पीकसल्ल्यासाठी, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याला धोक्याच्या सूचनेचं काम सांगू नका. तिन्ही ॲपना लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ द्या आणि बॅटरी सेटिंगमध्ये त्यांच्यावरचं बंधन काढा. स्वस्त फोनमध्ये हीच मुख्य बिघाडाची जागा असते: बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवतो आणि सूचना येते ती तुम्ही ॲप उघडल्यावर, म्हणजे दोन तासांनी. लोक म्हणतात ॲप बेकार आहे. ॲप झोपलेलं असतं.

याशिवाय टॉवरवरून थेट येणारी आणीबाणीची सूचना वेगळी. २०२३ मध्ये देशभर फोन एकदम मोठ्याने वाजले होते, ती तिची चाचणी. तिला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबरही लागत नाही. त्या टॉवरखालच्या, ही सोय असलेल्या प्रत्येक चालू फोनवर ती जाते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षा व आपत्कालीन विभागात वायरलेस आपत्कालीन सूचना हा पर्याय असतो, सापडला नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत टाका. त्या चाचणीच्या आवाजाला कंटाळून अनेकांनी तो बंद केला होता. परत चालू करा.

नेटवर्क नसलेल्या गावांत, आणि मेळघाट, एटापल्ली, भामरागडकडे अशी गावं पुष्कळ आहेत, साखळी माणसांचीच लागते. रेंज मिळते त्या जागेच्या जवळ राहणारे दोघे ठरवा, एक नव्हे दोन. त्यांचं काम दुपारी बारा आणि तीनला नाऊकास्ट बघण्याचं. पुढे पोलीस पाटील किंवा कोतवाल आणि मंदिराचा भोंगा. भोंगा लाइटवर चालतो आणि वादळात लाइट आधी जाते, म्हणून त्याला बॅटरी लागते. भोंग्यावरून ‘रेड अलर्ट आहे हो’ असं ओरडण्यात अर्थ नाही. कोणत्या शिवारातल्या लोकांनी किती वाजेपर्यंत काय करायचं तेवढंच सांगायचं.

फिरत्या मेसेजांचं एक सांगतो. नकाशा खरा असतो, तारीख मागच्या वर्षीची असते. काढल्याची तारीख, वेळ आणि वैधता, यातलं एकही नसेल तर पुढे ढकलू नका. ‘अमुक तारखेला ढगफुटी होणार’ असं पंधरा दिवस आधी सांगणाऱ्यांना तर दुरूनच नमस्कार. तालुक्यातला वादळी पाऊस इतक्या आधी कोणालाही सांगता येत नाही. मोबाईलवर तासातासाचा पाऊस दाखवणारे खाजगी नकाशे आणि २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या नावाने येणारा सरकारी अंदाज हे गणिती मॉडेलचे आकडे आहेत. फवारणी आज करावी की परवा, याला ते ठीक. भारताचं नवं मॉडेलसुद्धा सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालतं आणि शिवेच्या अलीकडे पाणी, पलीकडे धूळ असा आपला पाऊस त्या चौकोनात मावत नाही.

पुराची सूचना हे वेगळंच शास्त्र आहे, कारण पाणी तुमच्या आभाळातून येत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत वैनगंगेने जे केलं, त्याचं मूळ वर मध्य प्रदेशातल्या पावसात आणि तिथल्या संजय सरोवरातून सुटलेल्या पाण्यात होतं. नदीकाठच्या गावाने रंगाऐवजी विसर्ग बघावा. केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲपवर नदीच्या केंद्रांची पातळी, इशारा पातळी आणि धोका पातळी दिसते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. धरणाच्या पत्रकात आकडा क्युमेक्समध्ये (सेकंदाला घनमीटर) असतो, बातमीत क्युसेक्समध्ये (सेकंदाला घनफूट). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. ५,००० क्युमेक म्हणजे पावणेदोन लाख क्युसेकच्या वर, हे न कळल्याने एक जण घाबरतो आणि दुसरा निर्धास्त झोपतो. गोसेखुर्दचे किती दरवाजे उघडले यापेक्षा किती मीटरने उघडले आणि एकूण विसर्ग किती, ते विचारा. ३३ पैकी ३३ दरवाजे अर्ध्या मीटरनेही उघडतात. आणि गावात एक वही ठेवा: धरणातून किती विसर्ग, किती वाजता सुटला आणि आपल्या पुलाला पाणी किती वाजता लागलं. दोन-तीन पुरांनंतर ती वही कोणत्याही ॲपपेक्षा जास्त कामाची होते. नदी फुगली की नाल्याचं पाणी मागे दाबलं जातं. फुगवट्याने बुडणारं गाव नदीवर नसून नाल्यावर असतं आणि नकाशात ते दिसत नाही.

उष्णतेच्या लाटेचं थोडक्यात. सपाट भागात कमाल तापमान निदान ४० आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५, असं असलं की लाट धरतात. हा आकडा सावलीतल्या पेटीतला असतो, तेंदूपत्ता तोडणाऱ्याच्या डोक्यावरचा नाही. ‘उष्ण रात्र’ असा इशारा असेल तर तो जास्त गांभीर्याने घ्या, कारण शरीराला रात्री उतारा मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी माणूस लवकर पडतो.

शेवटी नुकसानीचं, कारण इशाऱ्याचा प्रश्न विचारणारा पुढे पंचनाम्याला येतोच. अतिवृष्टी ठरते ती तुमच्या वावरातल्या पाण्यावर नाही, महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली का यावर. ही नोंद कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर मंडळवार दिसते. केंद्र गावापासून बरंच लांब असू शकतं. म्हणून सरळ उभ्या बाजूंचा डबा, वरून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा, झाडापासून दूर उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून रिकामा करा. साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये, तोच पाऊस. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला तारीखवार लिहा. ही नोंद सरकारी केंद्राची जागा घेत नाही, पण केंद्राने २० दाखवले आणि गावात ९० पडले असतील, तर तहसीलमध्ये पंचनाम्याची मागणी करताना हाती तारखेसह काहीतरी असतं. तारीख लिहिताना खात्याचा नोंदीचा नियम पाळा, तो इशाऱ्याच्या तारखेहून वेगळा आहे: १६ च्या सकाळी मोजलेलं पाणी १६ तारखेपुढे लिहा, तरच मंडळाच्या आकड्याशी ताळा जुळेल.